गुठळी कशाची होती?



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हादरली. ६.२ तीव्रतेचा तो भूकंप जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हता, तरी दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. कारण शोधणाऱ्यांनी जमिनीखाली पाहिले, तसे भिंतींच्या आतही पाहिले. बाहेरून गढीसारख्या भक्कम दिसणाऱ्या त्या रुंद भिंती आतून सुट्या दगडांच्या आणि मातीच्या होत्या, वर माळवदाचे ओझे होते. तोवर भिंत किती रुंद, किती उंच एवढेच लोक विचारत. भिंत कशाची आहे हा प्रश्न त्या पट्ट्यातल्या सास्तूर-लोहाऱ्याकडच्या माणसाला त्या पहाटेने शिकवला. आज हाच प्रश्न मला एका फार लहान वस्तूबद्दल विचारायचा आहे. मेंदूच्या धमनीत अडकणारी रक्ताची गुठळी काही मिलिमीटरांची असते, कधी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची. तिच्यामुळे माणसाचा हात, पाय, वाचा जाते. ती किती मोठी आहे आणि कुठे अडकली आहे हे वैद्यक बरीच वर्षे विचारत आले. ती कशाची आहे हे विचारायला वैद्यकाने उशीर केला, आणि त्या उशिराचा हिशेब धाराशिवसारख्या जिल्ह्याला इतरांहून जास्त लागू पडतो, असे माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे पक्षाघाताच्या या आजाराला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. शब्द चित्रमय आहे, पण घातक आहे. वाऱ्याला कोणी अडवत नाही, वारा गेला की मागे उरते ते सावरायचे, एवढेच माणसाच्या हाती राहते. म्हणूनच मालिश, झाडपाला, पथ्य या सगळ्या गोष्टी ‘नंतरच्या’ आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वारे नसते, वस्तू असते, आणि ती त्या क्षणी तिथेच बसलेली असते. मुंबईत डॉ. प्रफुल्ल दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत दीड लाखाहून अधिक वस्तीची पाहणी केली. तीत पहिल्यांदाच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण सापडले आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांना तो रक्तप्रवाह अडल्याने झाला होता. उरलेल्यांत मुख्यतः मेंदूत रक्तस्राव झालेले होते. हे दोन प्रकार डोळ्यांनी पाहून, नाडी धरून किंवा रक्तदाब मोजून वेगळे करता येत नाहीत, त्यासाठी सीटीसारखा स्कॅन लागतो. म्हणून घरात कोणाचे तोंड वाकडे झाले तर अंदाजाने रक्त पातळ करण्याची गोळी देऊ नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

प्रवाह अडलेल्या मेंदूत दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. त्याआधी डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांवरच्या चाचणीने दाखवले होते की लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिले, तर तीन महिन्यांनी अपंगत्व नसलेले किंवा अगदी किरकोळ असलेले रुग्ण जास्त निघतात. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र ०.६ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर जातो. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ च्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या चाचणीने दुसरे दार उघडले. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढली, तर स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १९.१ वरून ३२.६ टक्क्यांवर गेले. या सगळ्या आकड्यांत गुठळी ही जणू एकाच साच्यातली वस्तू आहे असे धरलेले होते. तीन तास, साडेचार तास, सहा तास ही सगळी मोजणी घड्याळाची. पण त्याच तासाला, तेच औषध, त्याच मापाने दिलेल्या दोघांपैकी एक घरी चालत जातो आणि दुसऱ्याची धमनी तसूभर उघडत नाही. याचे उत्तर घड्याळात सापडत नाही.

ते सापडू लागले गुठळ्या हातात आल्यावर. त्याआधी मेंदूतली गुठळी पाहायला मिळे ती शवविच्छेदनात, म्हणजे सगळे संपल्यावर आणि तिचे रूप पालटल्यावर. गुठळी बाहेर काढण्याच्या पहिल्या उपकरणाला अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली आणि दोनच वर्षांनी मार्डर आणि सहकाऱ्यांनी २५ जिवंत रुग्णांच्या गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. पाठ्यपुस्तकातली जुनी वाटणी सोपी होती: हृदयाच्या कप्प्यात साचलेल्या रक्तातून तयार झालेली गुठळी तांबडी आणि मऊ, मानेच्या धमनीतल्या चरबीच्या थरावर जमलेली पांढरी आणि टणक. प्रत्यक्षात दिसली ती सरमिसळ. बहुतेक गुठळ्यांत तांबड्या पेशी होत्या, फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे होते, प्लेटलेट होत्या, पांढऱ्या पेशी होत्या. फरक होता तो प्रमाणाचा आणि रचनेचा. गुठळी कुठून आली यावरून ती कशाची आहे हे सांगता येत नव्हते. पुढच्या अभ्यासांनी हा गोंधळ मिटवला नाही, उलट काहींना हृदयातून आलेल्या गुठळ्यांत फायब्रिन आणि प्लेटलेटच जास्त आढळल्या. आपल्या भागात सांधेतापाने झडप आकसलेले, हृदयाचे ठोके अनियमित झालेले रुग्ण अजून दिसतात, त्यांतले अनेक तरुण असतात. ‘हृदयातली गुठळी आहे, मऊ असेल, विरघळेल’ हा दिलासा त्यांच्या बाबतीत आधार नसलेला आहे.

इथे एक कोडे आहे आणि ते नीट सोडवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. औषध काम करते ते फायब्रिनवर. ते रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन करते आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे कापते. मग फायब्रिन जास्त असलेली गुठळी लवकर विरघळायला हवी. घडते उलटे. ज्या भागात तांबड्या पेशी दाटीने बसलेल्या असतात तिथे फायब्रिनचे धागे विरळ आणि बारीक असतात. थोडे धागे कापले की पेशी सुट्या होऊन वाहून जातात, घोंगडीची उसवलेली वीण निघावी तशा. प्लेटलेटबहुल भागात मात्र फायब्रिनची वीण घट्ट असते. तिच्यात व्हॉन विलेब्रांड घटक नावाचे दुसरेच चिकट प्रथिन गुंतलेले असते. प्लेटलेट स्वतः या औषधाला मारक असे द्रव्य सोडतात. आणि पांढऱ्या पेशी तर मरताना आपले गुणसूत्रांचे धागेच बाहेर फेकतात. पेशींचे हे वागणे २००४ मध्ये उमगले, तेव्हा ते जंतूंना पकडण्याचे जाळे म्हणून ओळखले गेले. बेल्जियममधल्या संशोधकांना २०१७ मध्ये मेंदूतून काढलेल्या ६८ गुठळ्यांपैकी जवळपास सगळ्यांत हे जाळे दिसले. परीक्षानळीत त्यांनी डीएनए कापणारे विकर नेहमीच्या औषधाबरोबर घातले तेव्हा गुठळी जास्त चांगली विरघळली. म्हणजे फायब्रिन कापणारी कात्री हाती असून उपयोग नाही, कारण भिंतीत फायब्रिनखेरीज दुसरेही बरेच भरलेले आहे आणि कात्रीला आत शिरायलाच वाट नाही.

गुठळी आयुष्यभर एकसारखीही राहत नाही. कापडात बांधून टांगलेल्या दह्यातून पाणी निथळते आणि चक्का उरतो, तसे गुठळीतल्या प्लेटलेट फायब्रिनचे धागे आत ओढतात, पातळ द्रव बाहेर पिळला जातो, आणि आतल्या गोल तांबड्या पेशी एकमेकींवर दाबल्या जाऊन बहुकोनी होतात. फरशा बसवाव्या तशा. २०१४ मध्ये हे रूप स्पष्टपणे वर्णिले गेले. अशा फरसबंदीतून द्रव जाऊ शकत नाही, मग औषध कसे जाणार? त्याच वेळी फायब्रिनचे धागे एकमेकांना आडवे टाके घालून पक्के केले जातात. बेल्जियमच्या त्याच अभ्यासात जुन्या दिसणाऱ्या गुठळ्यांत पांढऱ्या पेशींचे जाळे ताज्या गुठळ्यांपेक्षा जास्त होते. तेव्हा उशीर दोन ठिकाणी नुकसान करतो: मेंदू मरत जातो आणि गुठळी चिवट होत जाते. पहिले घड्याळ सगळ्यांना ठाऊक आहे, दुसऱ्याची टिकटिक कोणी ऐकत नाही. शिवाय हे दुसरे घड्याळ लक्षणे सुरू होण्याच्या कितीतरी आधी चालू झालेले असू शकते. हृदयाच्या कप्प्यात आठ दिवस पिकलेली गुठळी आज सकाळी सुटून मेंदूत गेली, तर पहिल्या तासात पोचलेल्या रुग्णातही ती म्हातारीच असते.

ओढून काढतानाही गुठळीची घटना, म्हणजे ती कशाकशाची बनली आहे हे, आडवी येते. तांबडी गुठळी नळीतून नेलेल्या जाळीत चटकन अडकते आणि निघते, पण ठिसूळ असल्याने तिचे तुकडे पुढच्या बारीक धमन्यांत जाण्याची भीती असते. फायब्रिनबहुल गुठळी ताठ असते, धमनीच्या आतल्या भिंतीला घट्ट धरून बसते, आणि दोन-दोन, तीन-तीन वेळा प्रयत्न करावे लागतात. प्रत्येक जादा प्रयत्नात वेळ जातो, धमनीही खरवडली जाते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप शास्त्रीय आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. आपण ज्या गुठळ्या तपासल्या त्या सगळ्या बाहेर काढलेल्या होत्या. ज्या औषधाने विरघळल्या त्या प्रयोगशाळेत आल्याच नाहीत, ज्या निघाल्याच नाहीत त्याही आल्या नाहीत. बाजारात न विकलेला माल पाहून पिकाची प्रत ठरवण्यासारखे हे आहे. त्यात अनेक गुठळ्यांवर काढण्याआधी औषधाचा मारा झालेला असतो, म्हणजे मऊ भाग आधीच गेलेला असतो. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणून टक्केवारीच्या भाषेत बोलताना जपून बोलले पाहिजे. पण ‘घटना महत्त्वाची आहे’ हा निष्कर्ष केवळ काढलेल्या गुठळ्यांवर उभा नाही. परीक्षानळीतले प्रयोग तेच सांगतात, सीटीवरची चित्रेही त्याच दिशेने बोट दाखवतात. वेगवेगळ्या वाटांनी आलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील, तर एकाची साक्ष थोडी डळमळीत असली तरी खटला पडत नाही.

दुसरा आक्षेप निकालांचा आहे. घटना एवढी महत्त्वाची असेल तर तिच्यावर नेम धरलेले उपचार यशस्वी व्हायला हवेत. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या ३८१ रुग्णांत जाळीने ओढणे आणि पोकळ नळीने शोषणे यांची तुलना झाली. धमनी उघडल्याचे प्रमाण ८३.१ आणि ८५.४ टक्के, म्हणजे लक्षणीय फरक नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ५१४ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या औषधाच्या जोडीला रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन किंवा प्लेटलेट रोखणारे औषध देऊन पाहिले. अपंगत्व कमी झाले नाही आणि ती चाचणी निष्फळ म्हणून थांबवावी लागली. हे निकाल मी झाकून ठेवणार नाही. पण दोन्ही ठिकाणी कोणाच्या धमनीत कसली गुठळी आहे हे न पाहता सर्वांना सरसकट वाटप झाले. काळ्या रानाचे आणि मुरमाड माळाचे उत्पन्न एकत्र मोजले तर बियाण्यातला फरक दिसेनासा होतो. मात्र गुठळी पाहून उपचार ठरवले असते तर फरक दिसलाच असता, असे म्हणण्याचा अधिकार मला आज नाही. ती शंका आहे, सिद्धांत नव्हे. म्हणून घटनेच्या अंदाजावरून कोणाचे इंजेक्शन नाकारणे आज सर्वस्वी चूक ठरेल. सरमिसळ गुठळीत थोडा तांबडा भाग असतोच, आणि तेवढा सुटला तरी रक्ताला वाट मिळू शकते.

तिसरा आक्षेप धाराशिवचा आहे आणि तो रास्त रागातून येतो. भारत सरकारने २०१८ मध्ये जे जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले त्यांत महाराष्ट्रातले चार होते, आपला त्यांतला एक. भूम-परंड्याचा रुग्ण बार्शी गाठतो, कळंबचा लातूर किंवा अंबाजोगाई, उमरगा-नळदुर्गचा सोलापूर. अशा दूरच्या भागात काय होते ते गडचिरोलीतून कळते: तिथे ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवून २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. इतर कोणत्याही कारणापेक्षा जास्त. पक्षाघाताने गेलेल्या दर शंभरांतले सुमारे ८७ जण घरीच वारले. जिथे माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही तिथे गुठळीतल्या धाग्यांची चर्चा कशाला, ही युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांची चैन आहे, असे कोणी म्हणेल.

माझे मत नेमके उलटे आहे. अंतर कमी असलेल्या शहरात गुठळीच्या घटनेकडे दुर्लक्ष केले तरी निभते, कारण औषध चालले नाही तर वरच्या मजल्यावर गुठळी ओढून काढणारी कॅथलॅब असते. इथे दुर्लक्ष परवडत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २०२ रुग्णांच्या २०१८ च्या चाचणीत मोठी धमनी बंद असलेल्यांना अल्टेप्लेज दिल्यावर गुठळी ओढण्याच्या वेळेपर्यंत १० टक्क्यांतच प्रवाह पुरेसा सुरू झाला होता, टेनेक्टेप्लेज हे त्याच जातीचे दुसरे औषध दिल्यावर २२ टक्क्यांत. दुपटीने चांगले औषध, तरी पाचातल्या जवळजवळ चौघांची धमनी बंदच. आता तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात इंजेक्शन देऊन ‘रात्रभर पाहू, फरक पडला नाही तर सकाळी रेफर करू’ असे ठरले, तर घटनेचे ज्ञान सांगते की मोठ्या गुठळीच्या बाबतीत हे पाहणे बहुधा व्यर्थ जाणार आहे. जर्मनीतल्या २०११ च्या अभ्यासात आठ मिलिमीटरहून लांब गुठळ्या शिरेतल्या औषधाने जवळजवळ कधीच विरघळल्या नाहीत. म्हणून इंजेक्शन इथे द्यावे आणि ते देत असतानाच १०८ ची रुग्णवाहिका दारात उभी असावी. औषधाचा गुण येतो का हे पाहत बसायचे नाही, ते पाहणे रस्त्यावर होईल. टेनेक्टेप्लेज एकाच झटक्यात शिरेत देता येते, तासभर ठिबकत ठेवावे लागत नाही, त्यामुळे हा प्रवास सोपा होतो. ते औषध पुण्यात, जिनोव्हा कंपनीत तयार होते, आणि अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये पक्षाघातासाठी त्याला मान्यता दिली त्याच्या कितीतरी वर्षे आधी भारतात ती मिळालेली होती. हृदयविकारासाठी ग्रामीण रुग्णालयांत वापरले गेलेले स्ट्रेप्टोकायनेज मात्र इथे चालणार नाही. मेंदूसाठीच्या त्याच्या चाचण्या रक्तस्रावामुळे १९९० च्या दशकातच थांबवाव्या लागल्या.

घटनेच्या ज्ञानाचा दुसरा उपयोग साध्या सीटीच्या वाचनात. तांबड्या पेशी जास्त असलेली गुठळी साध्या सीटीवर धमनीत पांढऱ्या रेघेसारखी चमकते. ही चमक हिमोग्लोबिनची असते. रेघ दिसली तर गुठळीत तांबडा भाग बराच आहे असा कयास करता येतो, आणि तिची लांबीही मोजता येते. पण इथे एक सावधगिरी आहे, परदेशी आकडे जसेच्या तसे उचलणाऱ्यांसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्याच्या रक्तातच तांबड्या पेशी कमी, त्याचे रक्तही सीटीवर फिके आणि गुठळीही त्या मानाने फिकी. अशा बाईच्या चित्रात चमकेचा ठरावीक आकडा गाठला गेला नाही म्हणून गुठळी नाही किंवा ती फायब्रिनची आहे, असे ठरवणे धोक्याचे आहे. तिच्या डाव्या धमनीची तुलना तिच्याच उजव्या धमनीशी केली पाहिजे. त्याला वेगळे यंत्र लागत नाही, शिकवलेली नजर लागते.

तिसरी गोष्ट माहितीची. आज गुठळीच्या घटनेबद्दल आपण जे बोलतो ते बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या गुठळ्यांवरून. त्यांच्यात सांधेतापाची झडप विरळ, रक्तक्षय कमी, वय जास्त. मेंदूच्या आतल्याच धमन्या अरुंद होण्याचा आजार आशियाई लोकांत जास्त, त्यांच्यात कमी. आपली गुठळी त्यांच्यासारखीच असेल हे गृहीत धरायला काही आधार नाही. १९९३ नंतर कोणी जपानच्या घरांचे नकाशे पाहून सास्तूरच्या भिंतींचा निदान-अहवाल लिहिला नाही. सास्तूरचीच भिंत उकलून पाहिली.

त्यासाठी लागणारे सामान फारसे नाही. गुठळी बाहेर आल्यावर ती दहा टक्के फॉर्मेलिनच्या बाटलीत ठेवायची, बाटलीवर लक्षणे सुरू झाल्याची वेळ, औषध दिले की नाही, किती प्रयत्नांत निघाली आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन एवढे लिहायचे. धाराशिवमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२-२३ पासून सुरू आहे, तिथे विकृतिशास्त्र विभाग आहे, नमुन्याचे काप करून रंगवण्याची सोय अशा प्रत्येक विभागात असते. रुग्णाची किंवा नातेवाइकांची संमती आणि संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी घेणे हे कामाचे पहिले पाऊल. सोलापूर, लातूर, पुण्याच्या ज्या डॉक्टरांच्या हातून आमच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या मेंदूतली गुठळी निघते, त्यांना या व्यासपीठावरून माझी विनंती आहे: ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकू नका, बाटलीत ठेवा आणि धाराशिवला पाठवा.